आग्रहाचा घास

बाई, गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जेवताना माझ्या नातीनं एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही. प्रश्न साधाच होता. "मी अजून एक पोळी घेऊ?" पण तो तिनं आईला विचारला नाही, मला विचारला नाही, बापाकडे तर पाहिलंही नाही. पोळ्यांच्या डब्याकडे बघत ओठातल्या ओठात, जणू डब्याचीच परवानगी मागावी तसा विचारला. पाचवीत आहे ती. सूनबाई म्हणाली, "आधी पाणी पी. मग बघू." पोर पाणी प्यायली, ग्लास ठेवला, "नको, झालं माझं," म्हणाली आणि उठून गेली. माझ्या ताटातला भात निवत राहिला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यानंतर जन्मलेली पोरं आता आईबाप झाली आहेत. तरी हे सांगायला मला तुम्हीच सापडता, कारण मुलांचं खाणं आणि मुलांचं वजन यावर आयुष्यभर डोकं खपवलेलं दुसरं माणूस माझ्या ओळखीत नाही.

झालं असं की शाळेत मुलांची तपासणी झाली आणि उंचीच्या मानानं वजन जास्त आहे, लक्ष द्यावं, अशी चिठ्ठी घरी आली. आपल्या काळी चिठ्ठ्या उलट्या असत. वजन भरत नाही, दंड बारीक आहे, डोळे निस्तेज आहेत. काटा थोडा पुढे सरकला की आयांच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. पोरानं बाळसं धरलं म्हणायचे. केवढा गोड शब्द, कणसात दाणा भरावा तसा. आता तोच काटा सरकला की सूनबाईचा चेहरा उतरतो. शब्दांवर जीव लावणारा मी माणूस, शाळेतल्या कवितांवर पोसलेला; पण बाळसं हा शब्द कुठल्या वयापर्यंत गोड आणि कुठून पुढे कडू, हे मला कुठल्याही धड्यात भेटलं नाही. काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पोर जिना चढताना धापा टाकते, ते मला दिसतं. सूनबाई तिला घेऊन वाघोलीहून थेट सदाशिव पेठेत एका आहारतज्ज्ञ मुलीकडे गेली. मीही गेलो, मागच्या सीटवर. ती मुलगी मला आवडली. नातीच्या डोक्यावरून आईशी न बोलता ती नातीशीच बोलली. वाढीचं वय आहे, उतरवायची घाई नको, घरात सगळ्यांनी एकच जेवा, पळापळीचे खेळ खेळू द्या, असं म्हणाली. पण घाबरलेल्या माणसाला सल्ल्यातलं अर्धंच ऐकू येतं. घरी आल्यावर बिस्किटं वरच्या फळीवर गेली, पोळ्या मोजल्या जाऊ लागल्या, आणि फोनमध्ये काहीतरी आलं ज्यात पोरीनं खाल्लेला प्रत्येक घास टिपायचा.

त्या संध्याकाळी, पाणी पिऊन उठून गेल्यावर, नात गॅलरीत उभी होती. समोर नव्या इमारतींच्या क्रेन आणि त्यांच्या मागे एक तांबूस ढग, जुन्या क्रमिक पुस्तकातल्या चित्रात असतो तसा. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. "आजोबा, ऑनेस्टली सांगा हं. मी फॅट आहे का?" तुम्ही केंद्रात येणाऱ्या प्रत्येक पोराला विचारायचात, तोच प्रश्न मी विचारला, बाई. म्हटलं, "तुला मघाशी भूक होती का गं?" तिनं खांदे उडवले. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कळतच नाही आजोबा. आधी कळायचं."

एवढं बोलून ती आत गेली, आणि मी तिथेच कठडा धरून राहिलो. वजन जास्त असणं, कमी असणं, हे सगळं पुढचं. पण आपल्याला भूक लागली आहे की नाही हेच एखाद्या मुलीला कळेनासं व्हावं? पाखरांनाही कळतं ते!

तुमच्या स्वयंपाकघरातलं पहिलं जेवण तुम्हाला आठवतं का? मी वऱ्हाडातून नुकताच आलेला, तुमच्या बालआहाराच्या संशोधन केंद्रातर्फे घरोघर जाऊन मुलांच्या जेवणाच्या नोंदी करायला लागलेला. तुम्ही म्हणालात, दुपारी घरीच या. लहानसं स्वयंपाकघर, खिडकीत तुळस नव्हे, ओव्याचं रोप. तव्यावर थालीपीठ, वर लोण्याचा गोळा विरघळतोय, आणि वास असा की अजून लिहिताना तोंडाला पाणी सुटतं. एक संपलं. तुम्ही उलथनं हातात धरून विचारता, "अजून एक देऊ?" आमच्याकडे पाहुण्यानं आधी नकोच म्हणायचं असतं. आई म्हणायची, "घ्या न जी, थोडकंच वाढते," मग पाहुणा ताटावर हात आडवा धरणार, मग आई हाताच्या फटीतून वाढणार, आणि सगळ्यांची अब्रू राहणार. म्हणून मी म्हटलं, "नको नको." तुम्ही म्हणालात, "बरं." आणि गॅस बंद! मी बघतच राहिलो. खोलीवर जाताना कोपऱ्यावरून केळी घेतली आणि आईला पत्र लिहिलं की पुण्याची माणसं हुशार आहेत पण हात आखडता आहे. पुढे ओळख मुरल्यावर हा किस्सा मी तुम्हाला हसत हसत सांगितला. तुम्ही हसला नाहीत. "अहो, पोट तुमचं, जीभ तुमची, आणि अंदाज मी बांधायचा? तुम्ही नको म्हणालात. मी तुमच्या शब्दाचा मान ठेवला. तुम्हालाच तो ठेवायचा नव्हता, त्याला मी काय करू?" आग्रहाला आमच्याकडे प्रेम म्हणतात, असं मी म्हटलं. "असेल," तुम्ही म्हणालात, "पण कोणाचं पोट भरतं त्यानं, वाढणाऱ्याचं की खाणाऱ्याचं?"

मला तेव्हा तो पुणेरी टोमणा वाटला. तो तुमच्या कामाचा गाभा होता, हे मार्केट यार्डाजवळच्या त्या खोलीत कळलं. हमालाचं घर. तो बाजारात गुळाच्या ढेपा उतरवायला गेलेला, घरात त्याची बायको आणि दीड-दोन वर्षांचं पोर. माझं काम एवढंच, की कोपऱ्यात बसायचं आणि आई किती वेळा खा म्हणते, पोर केव्हा तोंड उघडतं, केव्हा फिरवतं, ते टिपायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. "तुम्ही भिंत आहात," असं तुम्ही बजावलेलं. स्वतः दारात बसून बघताय. ती माउली दुधात भाकरी कुस्करते आहे आणि मला सांगते आहे, "खातच न्हाई वो ह्ये पोरगं. बघा की, हाताची काडी झालीया. लोक म्हंत्यात आय खायला घालत न्हाई." तिच्या डोळ्यांत पाणी. पोरानं दोन-चार घास घेतले आणि तोंड फिरवलं. तिनं हनुवटी धरून वळवलं. त्यानं पुन्हा फिरवलं. मला राहवेना. भिंतीला कंठ फुटला. मी तालावर शाळेतली कविता म्हणायला लागलो, बैलगाडीची, घुंगरांची. पोर आ वासून माझ्याकडे बघतंय आणि त्या उघड्या तोंडात आई घासावर घास सारते आहे. वाटी रिकामी झाली. तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आज आपण काहीतरी केलं. आणि तेवढ्यात पोरानं सगळं माझ्या पँटवर ओकलं.

परत येताना गोणी वाहणाऱ्या माणसांतून वाट काढत तुम्ही पुढे चालत होतात. मग म्हणालात, "आवाज छान आहे तुमचा."

मी खूश.

"पोरानं कविता गिळली. भाकरी नाही." आणि थोडं चालून, "त्यानं दोनदा तोंड फिरवलं होतं. बोलता येत नाही त्याला, तेच त्याचं वाक्य होतं. त्याच्या वाक्यावर तुम्ही मोठ्यानं तुमची कविता म्हटलीत."

मी चिडलो. म्हटलं, मग काय उपाशी ठेवायचं त्याला? त्या बाईचं रडणं दिसलं नाही का तुम्हाला? तेव्हा तुम्ही थांबलात. कांद्याच्या ट्रकाच्या सावलीत उभ्या राहून, एरवी कधी बोलत नसा इतकं बोललात. की तिचं रडणं दिसलं, म्हणूनच हे काम करतेय. घरात वाढायलाच नसेल तर आपली ही सगळी बडबड फुकट आहे, ते आधी मिळायला हवं. पण जिथं वाढायला आहे तिथं काय वाढायचं आणि केव्हा, ते आईनं बघावं; किती, ते पोराचं पोट सांगतं. ते सांगणं वरचेवर मोडून काढलं तर पोट एक दिवस सांगायचं सोडून देईल, अशी मला भीती वाटते. "हे सिद्ध झालंय का, बाई?" मी विचारलं. "नाही," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर तुम्हाला भिंत करून बसवते. आणि तुम्ही गाता!"

गॅलरीतल्या त्या 'माहीत नाही'नंतर मला ती सावली, तो कांद्याचा दर्प, सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई मेथी निवडायला बसली. मीही जुडी ओढून घेतली. शब्द जुळवत होतो. कविता पाठ असणाऱ्या माणसाला साधं बोलणं किती अवघड जातं. शेवटी म्हटलं, "आमच्या बाई म्हणायच्या तसं, किती खायचं ते तिला ठरवू देऊ या का?"

"बाबा, ती डबा संपवेल."

"संपवू दे एखादे दिवशी."

तिच्या हातातली काडी मोडली. "तुम्हाला सोपं वाटतं. मला शाळेत ढोली म्हणायचे, माहितीये? गॅदरिंगच्या नाटकात मला कायम झाड करायचे. सगळ्या पऱ्या, आणि मी झाड. घरी आई तुपाची धार धरायची आणि शाळेत पोरी फिदीफिदी हसायच्या. माझी मुलगी झाड नाही होणार."

इतकी वर्षं ती या घरात आहे, आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, शिस्तीची आहे. ती पोरीला उपाशी ठेवत नव्हती, बाई, तिला लोकांच्या हसण्यापासून वाचवत होती. मी मेथीची पानं उगाच इकडची तिकडे केली. मग विचारलं, "तुला कोणी विचारायचं का गं, पोट भरलं का म्हणून?"

"आई?" तिनं आठवून बघितलं. "नाही. आई वाढायची. आणि मी..." ते दोन शब्द मेथीच्या ढिगावर तसेच पडून राहिले.

त्या संध्याकाळी तिनं पोळ्यांचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, झाकण काढून. फोन आत ठेवून आली. नातीनं एक पोळी घेतली, आईकडे पाहिलं. दुसरी घेतली, पाहिलं. तिसरीला हात जाताना तर मीच हातातला घास ताटात ठेवला. सूनबाई मान खाली घालून आमटीत बघत होती. आमटीत तिला काय दिसत होतं देव जाणे, पण तिनं मान वर केली नाही. चौथी पण गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "बाबा, तुमच्या बाई बरोबर होत्या ना नक्की?" सूनबाईनं मला ओट्याशी गाठून विचारलं. मी हो म्हटलं. तुम्ही स्वतः तेव्हा नाही म्हणाला होतात, हे सांगायचा धीर झाला नाही. मात्र संध्याकाळी पोर खाली मैदानात जायला लागली, आणि जाताना कोणी जा म्हणालं नव्हतं.

गेल्या रविवारी सूनबाईनं पुरणपोळ्या केल्या. सण नव्हता, काही नव्हतं. मुलगा थट्टेनं म्हणाला, "डाएट संपलं वाटतं?" त्याच्याकडे तिनं फक्त एकदा बघितलं. नातीनं पहिली पोळी मनापासून खाल्ली, बोटं चाटत. दुसरी घेतली. निम्म्यावर आली, वर्गातल्या कुठल्यातरी मैत्रिणीच्या सायकलीची गोष्ट सांगत होती, आणि सांगता सांगता पोळी ताटात ठेवून म्हणाली, "पुरे." कोणाकडे न बघता. आणि पुन्हा सायकलीवर आली, ब्रेक कसा लागेना, पुढे कुत्रं कसं आलं. शाबासकी द्यायला कोणी गेलं नाही. सूनबाई वाळलेले कपडे काढायला म्हणून गॅलरीत गेली आणि बराच वेळ कपडेच काढत राहिली.

काटा कुठे आहे ते मला माहीत नाही. त्या तज्ज्ञ मुलीकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे, ती बघेल. पोर उद्या पुन्हा पाच पोळ्या खाईल, परवा पुन्हा रडेल, हेही होईल. मी एवढंच ऐकलं की तिच्या पोटानं काहीतरी सांगितलं आणि ते तिला ऐकू गेलं. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं. पण आमच्या सोसायटीच्या आसपास पत्रपेटी राहिलेली नाही, आणि तुमच्या घराच्या जागी आता दवाखान्यांची इमारत आहे. पत्ता घालायचा तरी कुठला? कागद माझ्याकडेच राहील.

आणखी एक, तुम्हाला आवडणार नाही असं. नातीचं ताट मीच उचललं. ती अर्धी पुरणपोळी टाकायला हात होईना. ओट्याशी उभ्या उभ्या, कोणी बघत नाही असं बघून, मी ती खाऊन टाकली. भूक मुळीच नव्हती, बाई.