मनीषा म्हणते, चालतं

१४ मार्च २००४, रविवार

मनीषा म्हणते, टर्बोचं प्रेशर वाढवायला हवं! अनिलचं चहापासून हेच चालू आहे. मनीषा म्हणजे अनिलच्या ऑफिसातली, पुण्याहून आलेली. तिकडे रॅलीत गाडी चालवायची म्हणे, कप मिळवलेत. आमची नवी टर्बो डिझेल तिने चालवून पाहिली. मी अजून नाही. मागितली तर, "तुला क्लच जमायचा नाही."

पॉलिटेक्निकला इंजिनं शिकवते मी! आणि नवऱ्याला इंजिनाबद्दल काही विचारायचं असलं की तो तिला विचारतो.

१७ मार्च

शेवटी जेवताना बोललेच. म्हटलं, गाडीतले पिस्टन कंपनीने स्वतः ठरवलेल्या प्रेशरपुरतेच घातलेत. तू हवा जास्त कोंबणार, डिझेल जास्त सोडणार, म्हणजे आत सगळं भलतंच तापणार. इंजिनातलं पाणी अडवणारं हेड गॅस्केट जाईल, नाहीतर पिस्टनच वितळेल.

"हौ मॅडम!" आमच्या हैदराबादी बोलण्याची नक्कल. मग म्हणाला, "मनीषा म्हणते, चालतं. पुण्यात तिच्या मित्राने केलंय."

वरणाचं पातेलं जरा जोरात आपटलं गेलं.

२१ मार्च, पाडवा

अनिलने तिला जेवायला बोलावलं — मला न विचारता. उंच, केस बारीक कापलेले, मोकळं हसणारी. समोरच्या आंटींनी उगादीची आंबट-गोड-कडू पच्चडी पाठवली, तर ही त्यांच्याशी थोडं तेलुगू बोललीसुद्धा! मी मलकपेठेत जन्मले, अप्पांची सगळी नोकरी इथल्या सचिवालयात, पण माझं मराठी अनिलला "निम्मं दखनी" वाटतं. हिचं ऐकताना मात्र तो जेवायचा थांबतो.

मी पुरण वाढत होते, तर म्हणाली, "मेधाताई, गाडीबद्दल तुम्हाला एक विचारायचं होतं—" अनिलने लगेच तोडलं, "आज सणाला इंजिन नको हं!"

दोघांचं आपसात काहीतरी ठरलेलं दिसतंय. आणि मला काय विचारणार ही? क्लच कुठला ते?

२८ मार्च

केलं! सिकंदराबादच्या कुठल्याशा गॅरेजात. टर्बोच्या दांडीचा नट फिरवला, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. झालं काम. वर प्रेशरचं एक मीटर बसवून आणलंय, घड्याळासारखं.

मला तारनाक्यावरून विद्यापीठाच्या रस्त्याने फिरवून आणलं. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. खरं सांगायचं तर मजा आली! त्याचाच जास्त राग आला. मागे काळा धूर.

"मनीषा म्हणाली, एवढा धूर येणारच."

सगळंच कसं म्हणते ही बाई!

४ एप्रिल

अनिल फोनवर अर्धा तास. "अगं, काही होत नाही... हो, विचारलंय तिला..." मी आत गेले तर फोन ठेवला.

१० एप्रिल

गाडीचं बॉनेट मी उघडून पाहिलं. रेडिएटरच्या डब्यातलं पाणी खाली गेलंय आणि खाली फरशी कोरडी. म्हणजे पाणी आत इंजिनात जातंय. हेड गॅस्केट! अनिलला म्हटलं, आजच्या आज नट मागे घे, नाहीतर गाडी काढू नकोस.

"उन्हाळा आहे, उडतं पाणी. तुला मनीषाचं काही पटतच नाही."

हे मात्र खरं.

१७ एप्रिल

उद्या ऑफिसची सहल, विकाराबादला. घरच्यांनाही बोलावणं आहे. म्हटलं, ही गाडी नको, सगळ्यांबरोबर बसने जाऊ.

"मनीषाला सांगितलंय, ती आपल्याच गाडीतून येणार."

"मग मी येत नाही."

"नको येऊस!"

छान. दोघंच जा. उडू दे ते इंजिन, तिच्यासमोरच उडू दे. बघू मग काय म्हणते मनीषा.

१८ एप्रिल, रविवार

उडालं.

चेवेळ्याच्या पुढे. बसला ओव्हरटेक करताना अनिलने पाय पूर्ण दाबला. मोठा आवाज झाला, पांढरा धूर आला आणि गाडीतला जोरच गेला. समोरून लॉरी. याने डावीकडे घातली, ती सरळ वडावर. डावीकडे मनीषा बसली होती.

अनिलच्या कपाळाला टाके. तिची मांडी मोडली, बरगड्याही. ऑपरेशन चालू आहे.

मी काल काय लिहिलं ते वर आहे. खोडणार नाही. पण देवा, असं नव्हतं म्हणायचं मला!

१९ एप्रिल

अनिल घरी आला. काल शुद्धीवर आल्यावर त्याने आधी तिचंच नाव घेतलं, असं नर्स म्हणाली. मोडक्या मांडीचाही हेवा वाटावा! काय बाई आहे मी.

गॅरेजातून फोन आला, एका पिस्टनला भोक पडलंय. अनिलला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. म्हणाला, "मनीषाला भेटायला जाऊ नकोस एवढ्यात. तिला त्रास होतो बोलायला."

म्हणजे जायलाच हवं.

२१ एप्रिल

गेले. तिचा पाय वर टांगलेला, ओठ सुकलेले. चमच्याने पाणी पाजलं. हळूहळू बोलली, "मेधाताई, मी शेवटपर्यंत नको म्हणत होते. पुण्यात माझ्या मित्राचं इंजिन असंच फुटलं होतं. पण अनिल म्हणाला, प्रेशर तुम्ही ठरवून दिलंय, सगळा हिशेब करून. म्हटलं, शिकवणारी बाई सांगते म्हणजे... म्हणून बसले मी."

अनिल दारात उभा होता. रिक्षा करून माझ्या मागोमाग आला असणार. आमच्या दोघींकडे पाहत होता, आत येत नव्हता.

मी उठले, त्याच्या तोंडावर दार लोटलं आणि आतून कडी लावली.