लांडग्याचा पगार

धाकट्या भावास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर स्वतः येऊन दिला असता. तुझा खोकला गेला, की ऑफिसातल्या फायलीसारखा जागेवरच आहे? (हे सून लिहिते आहे. सांगते तसंच लिहिते म्हणे. मला कुठं वाचता येतंय!)

तुमच्या ऑफिसानं जंगलात लांडगे आणून सोडले, त्यांचा हिशोब मला लागेना, म्हणून विचारते. पूर्वी हरणं येऊन वाटाण्याचे वेल बुडख्यापासून खायची, आता लांडग्याच्या धाकानं फिरकत नाहीत. म्हणजे हा राखणदार झाला. शिवाय तुझ्या भाच्यानं माडीवरची खोली लांडगे बघायला येणाऱ्यांना भाड्यानं दिली आहे. (ती माझी खोली. मी आता पिठाच्या डब्यांशेजारी झोपते.) पाहुणे पहाटे गळ्यात दुर्बिणी अडकवून जातात आणि दुपारी येऊन सुनेच्या हातचं चवीनं जेवतात. भूक किती लागलेली असेल बघ! म्हणजे लांडगा घरातला कमावता झाला. आणि पगार काय, तर आमची एक भाकड शेळी. तुझा भाचा याहून जास्त खातो.

पण शेजारचा मेंढपाळ पेटलाय. त्याच्याकडे ना वाटाणा, ना भाड्याची खोली, नुसती मेंढरं जातात. कमाई आमच्या घरी आणि पगार त्यानं द्यायचा, हा कुठला कारभार रे? तुमच्या ऑफिसात चालत असेल. लांडगे परत न्या म्हणून त्यानं अर्ज केलाय. त्यावर प्रत्येक घराची सही नाहीतर अंगठा लागतो, आणि आमच्या घरातून माझाच. “आजी, शेळी तुमची गेली, तुम्ही तर पहिल्या हव्या होता,” म्हणाला. मी म्हटलं, “थांब जरा, अंगठा कुठं पळून जातोय?” रविवारी परत येणार आहे. तुझ्या भाच्याच्या तोंडचं पाणी पळालंय.

ता. क. जगानं लांडगा पाहिला, मी सोडून. माझी शेळी खाल्ली आणि मेल्यानं तोंडसुद्धा दाखवलं नाही. रविवारच्या आत जीप घेऊन ये आणि एकदा दाखव, नाहीतर उमटवते अंगठा. आणि येताना मेंढपाळाच्या भरपाईचंही काही घेऊन ये.

ता. क. मामा, हे माझं, सासूबाईंना वाचून दाखवलेलं नाही. कृपा करून लवकर या. लांडगा दिसावा म्हणून त्या रोज संध्याकाळी गोठ्याची कडी काढून, पाहुण्यांची दुर्बीण घेऊन खिडकीत बसतात. शेळी गेली तेव्हा नेमका त्यांचा डोळा लागला होता. आता एकच उरली आहे, आणि ती दुभती आहे.
— आपली भाचेसून