मीरिमच्या पायांतला दोरा

प्रिय बेगिमाय,

तुझी चिमुकली मीरिम चालू लागली. येत्या रविवारी, पहिल्या पावलांच्या समारंभात, तिच्या पायांना बांधलेला दोरा मी कापावा म्हणून तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी गुडघ्याचं निमित्त पुढे केलं. दुसऱ्यांदा तू फोन आपटलास. विहीणबाईंवर माझा राग आहे, असं तुला वाटतं. कसला राग! त्यांनी पाठवलेला जर्दाळूचा मुरंबा मी एकटीने फस्त केला.

पोरी, गुडघे ठणठणीत आहेत. खरं असं, की तीन वर्षं मला फाटकाबाहेर पाऊल टाकवत नव्हतं. मोकळा रस्ता दिसला की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता मरतेच असं वाटायचं. तुझ्या लग्नालाही म्हणूनच आले नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

शेजारची सालिमा हृदयाच्या औषधाचे थेंब साखरेच्या खड्यावर मोजून द्यायची, आपल्याकडे सगळेच घेतात तसे. त्याने गुंगी यायची, भीती जागच्या जागी. शेवटी तिनेच डॉक्टर तुर्सुनायबाईंना घरी आणलं. “ताई, हृदय घोड्यासारखं आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. थेंब हळूहळू बंद करवले आणि भीतीवर रोजची गोळी दिली. तिचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. लगेच शांत करणारी दुसरी गोळी असते, पण तिची सवय जडते, म्हणून ती नको म्हणाल्या. मी काय केलं? आठवडाभर मळमळलं आणि गोळी परस्पर सोडून दिली. बाई अशा तडकल्या! “घोडीचं दूध आंबवून कुमिस करताना दोनदा घुसळून सोडून देता का? मग गोळीलाच कसली घाई?” मग दुसऱ्या प्रकारची गोळी, अगदी थोडीशी मात्रा आणि रोजचा अभ्यास: आधी फाटक, मग दुकान, मग पूल.

सातव्या आठवड्यात पुलावर पोचले. छाती धडधडली, पण मी पळाले नाही. तिथेच उभी राहून रडत होते, तर मेंढपाळ विचारतो, “आजी, मेंढरू हरवलं का?”

दोरा कापणाऱ्याची चाल लेकराला लागते, असं आपण मानतो. माझी भीती मीरिमच्या पायांत उतरली तर, या धास्तीने मी नाही म्हणत होते. पण काल बाजार ओलांडून गाडीतळावर गेले आणि शनिवारच्या गाडीत जागा राखून आले. गोळी अजून चालू आहे, मध्येच सोडणार नाही. माझ्या भीतीपायी कार्यक्रम अंगणात आणू नका, माळावरच करा. जावईबापूंना घ्यायला पाठवू नकोस. खिंड ओलांडून मी एकटी येतेय, आणि दोरा मीच कापणार आहे.

तुझीच,
आई