खुर्ची मला, सखू खाली

१४ ऑगस्ट, दिवेलागण

उद्या झेंडावंदनाला मला खुर्चीवर बसवून शाल घालणार. का, तर आमचे हे एकाहत्तरच्या लढाईवर होते. पण त्या साली आमचं भात झोडलं कुणी? शेजारच्या सखूनं. सावडीला, म्हणजे एकमेकींच्या शेतावर राबायला, गेलेला दिवस फेडायचा असतो. मी तेव्हा बाळंतीण, तिनं तो कधी परत मागितलाच नाही.

सरपंचाला म्हटलं, तिलाही खुर्ची दे रं.

"आजी, मान फौजीच्या घराचाच. नाय जमायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नाही गेले, तर ह्यांचा अपमान. गेले, तर मी खुर्चीवर नि सखू सतरंजीवर. त्या खुर्चीवर बसू कशी?

आत्ताच सखू डोकावली. "काठाचं लुगडं नेस गं, फोटू काढतील. मी म्होरं बसून टाळ्या वाजवीन."