आई फोटोत का नाही?

रविवार, १८ मे. लोअर परळ.

आई काहीतरी लपवतेय. इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावरची सहल करून येऊन तिला आठ दिवस झाले, पण त्यातल्या एका दिवसाबद्दल ती बोलतच नाही. ग्रुपमधल्या बायकांनी पाठवलेल्या त्या दिवसाच्या फोटोंत, लिंबाच्या बागेत सगळ्या आहेत, चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या आहेत, आई मात्र कुठेच नाही. विचारलं तर म्हणाली, "पाय दुखत होते, हॉटेलवर झोपले होते." हॉटेल तर समुद्रापासून लांब होतं, मग त्या दिवशी फोनवर बोलताना मागून लाटांचा आवाज कसा येत होता?

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तिथे कुणी भेटलं असेल का तिला? आईबद्दल असला विचार करायची लाज वाटते, पण येतो त्याला काय करू? दुपारी पुन्हा फोटो उघडले. नाहीच ती त्यात.

शेवटी चहाच्या वेळी सरळच विचारलं. "आई, खरं सांग, कोण होतं तुझ्याबरोबर?"

ती आधी हसली. मग म्हणाली, "कोणी नाही गं. मी समुद्रात पोहत होते."

"तुला कुठे पोहता येतं?"

"चार महिने दादरला स्विमिंग पूलवर शिकले. तुला सांगायचे, विहारात जाते म्हणून."

बासष्टाव्या वर्षी! गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बीपीच्या गोळ्या चालू. मी चिडलेच. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

मला हो म्हणता आलं नाही. अजूनही येत नाहीये.