माझ्या नावाचा पट्टा

३ तारीख, सोमवार

आज रुजू झाले. सीटी स्कॅनची खोली तळमजल्यावर आहे. खिडकी एकच, जाड काचेची, तीही यंत्राकडे उघडणारी. मला आवडली. चाळिशीनंतर नोकरी बदलणारीला आणखी काय हवं? इथले जुने तंत्रज्ञ निवृत्तीला टेकलेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. माझ्या वेणीतल्या पिना बघून त्यांनी विचारलं, डोक्यावर हार्डवेअरचं दुकान काढलंय का? रुग्णाच्या केसांत पिना राहिल्या तर चित्रावर पांढरे फराटे उठतात. त्यासाठी टेबलावर स्टीलची वाटी असते. संध्याकाळपर्यंत ती भरली.

दादाकडे उतरले आहे. खोली मिळेपर्यंत राहा म्हणाला, आणि त्याच दमात विचारलं, कधी मिळेल?

५ तारीख, बुधवार

मास्तरांनी मध्यरेषा शिकवली. मला येते, पण त्यांना शिकवायला आवडतं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की तिच्यापुढचा भाग मरतो आणि दोन-तीन दिवसांत सुजतो. कवटी काही ताणली जात नाही. मग सूज उरलेल्या मेंदूलाच पलीकडे ढकलते. चित्रावर कपाळापासून मागच्या हाडापर्यंत सरळ रेघ मारायची आणि मेंदूचा मध्य तिच्यापासून किती मिलिमीटर सरकला ते मोजायचं. फार सरकला की सर्जनना फोन. कवटीचं हाड काढून सुजेला जागा करून देतात. फारच उशीर झाला असेल तर मास्तर फोनची घाई करत नाहीत.

७ तारीख, शुक्रवार

शाबासकी मिळाली. दोन आजीबाईंच्या मनगटांवरच्या नावाच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. एकीचं चित्र दुसरीच्या नावावर गेलं असतं आणि धडधाकट डोकं उघडलं गेलं असतं. मी पट्टा वाचला, वर नावही विचारलं, म्हणून सापडलं. मास्तर वरच्या मजल्यापर्यंत सांगत सुटले. पट्टा चुकतो, माणसाला विचारा, असं म्हणत होते. दादा म्हणाला, आपल्या घरात एक तरी डोळस निघाली.

१० तारीख, सोमवार

सकाळी खोलीत शिरताना चौकटीला खांदा आपटला. दोनदा. मास्तर म्हणाले, दार तीस वर्षं तिथेच आहे. हसले. मग हसायचे थांबले. मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या पिना स्वतःच्या हातांनी वाटीत काढून ठेवल्या.

११ तारीख, मंगळवार

वरच्या वॉर्डात आहे. मला काही झालेलं नाही. लिहिते आहे, अक्षर नेहमीचंच आहे. डॉक्टर म्हणतात, उजव्या मेंदूला झटका आलाय, डावं अंग गेलंय, आणि ते मला कळत नाही हाही आजाराचाच भाग. सोयीचं आहे. नाही म्हटलं तरी आजार.

मास्तरांनी चित्र दाखवलं. मध्य चार मिलिमीटर सरकलाय. चित्र स्वच्छ आलंय, पिनांचा एक फराटा नाही. माझं नाही.

दादा बोलता बोलता पलंगाच्या डावीकडे जातो आणि नाहीसा होतो. आवाज मात्र येत राहतो.

१२ तारीख, बुधवार, सकाळ

डोकं ठणकतंय. माझ्या पलंगावर कोणीतरी आहे. अगदी अंगाला लागून. चाचपडताना हात लागला. गार, जड, बाईचा.

नर्सला म्हटलं, हिला तिच्या पलंगावर न्या. ती म्हणाली, ताई, तो तुमचाच हात आहे. मी पट्टा वाचला. माझं नाव.

म्हणजे पुन्हा तेच. माझा पट्टा हिच्या हातात. माझ्या मनगटावर काहीच नाही.

दादाला बजावलं, ऑपरेशनच्या कागदावर सही करू नकोस. माझं धडधाकट डोकं उघडतील. सर्जन म्हणत होते, तिचं ऐकू नका. दादा म्हणाला, ती याच कामातली आहे, तिला कळतं. रडत होता.

दुपार

नवं चित्र. आठ मिलिमीटर. हिचं —

हिला नाव विचारलं. बोलत नाही.

मास्तर आले. हिच्या मनगटावरचा पट्टा वाचला. मग म्हणाले, तुमचं बरोबर आहे, पट्टे बदललेत. चित्र हिचंच. पण हिला कोणी नाही. सही कोण करणार? माझ्याकडे बघत नव्हते.

आठ. उद्या कोणी फोनची घाईसुद्धा करणार नाही. दादाला म्हटलं, कर सही. हिच्यासाठी कर.

त्याने लगेच केली. इतक्या लगेच —

संध्याकाळ

झोप येते सारखी. न्हावी आला. मी हिच्याकडे बोट केलं. ही, ही. तो हो म्हणाला.

हिलाही वेणी आहे. चादरीवर पडली. पिना नाहीत —

वस्तरा गार. हिच्या डोक्यावर — मला का गार —

मास्तर, पट्टा नका वाचू. मला विचारा. माझं नाव