पडद्यावरचं शून्य

३ मे

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ऐकून कपाळाला हात लावशील. आमच्या विद्यापीठाने विजेच्या यंत्रांची प्रयोगशाळा कायमची बंद केली. आता सगळे प्रयोग संगणकावर. मोटर जळत नाही, फ्यूज उडत नाही, कपडे तेलकट होत नाहीत, आणि प्रयोगांत मी वर्गात पहिली! तू बस तुझ्या प्रयोगशाळेत मुलांवर खेकसत.

सुट्टीत एका कारखान्यात प्रशिक्षण मिळालंय. बाबा ज्याला त्याला सांगत सुटलेत.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी भाची

१० मे

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली आलीस, शाबास! दादाला तर आभाळ ठेंगणं झालं असेल. पण पोरी, पडदा कधी चटका देत नाही. कारखान्यात जाण्याआधी आठवडाभर माझ्याकडे ये. खेकसेन, पण जेवायलाही घालीन. वाचलेलं वेगळं आणि हाताला कळलेलं वेगळं. माझ्या जिवाला घोर लागलाय, तेव्हा टाळाटाळ करू नकोस.

वहिनीला नमस्कार. म्हाताऱ्या आत्यावर लोभ ठेव.

तुझी आत्या

२ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर आईचं आहे, घाबरू नकोस. तुझ्याकडे यायचं राहूनच गेलं.

कारखान्यात कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबे, तपासायचे होते. साहेब म्हणाले होते की ते आल्याशिवाय हात लावायचा नाही. मी स्विच बंद केला आणि हात घातला. बंद केल्यावरही त्यात वीज राहते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुणही मिळाले होते. पण पडद्यावर बटण बंद केलं की आकडा लगेच शून्यावर यायचा. हाताला तीच सवय लागली गं.

उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. बाबा पायथ्याशी बसून राहतात. मला एवढंच सांग, मी पुन्हा यंत्राजवळ जाऊ शकेन का? आई रडतेय, म्हणून थांबते.

माझ्यावर रागावू नकोस.

तुझी भाची

९ जून

चि. खटपटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्यावर कसली रागावतेय? जाशील, यंत्राजवळ नक्की जाशील. जखम भरली की इकडे ये, डाव्या हाताने सुरुवात करू. मी शिकवीन.

आज नेमका कपॅसिटरचाच तास होता. दरवर्षी मी स्विच बंद करते आणि आता हात लावू का म्हणून विचारते. मुलं बिनधास्त हो म्हणतात. मग मी तारेने जमिनीला जोडलेला दांडा कपॅसिटरला टेकवते. फट्‌कन ठिणगी उडते आणि सगळा वर्ग मागे सरतो. ते दचकणं त्यांना जन्मभर पुरतं.

आजही ठिणगी उडाली, मुलं दचकली, आणि मला रडू आवरेना. पुढच्या बाकावरची मुलगी धावत आली. बाईंना चटका बसला का, असं विचारू लागली. मी हो म्हटलं.

दादाला सांभाळा. तुम्हा सगळ्यांचा लोभ मला हवा आहे.

तुझी आत्या